डिक्कीवरची रेघ : एका सिटीच्या स्पॉयलरचं प्रकरण

२०२३ च्या फेब्रुवारीत इचलकरंजीचा एक तरुण वडिलांची होंडा सिटी घेऊन आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजवर आला. गाडी २०१० ची, अलाबास्टर सिल्व्हर. डिक्कीच्या मागच्या कडेला डकटेल पद्धतीचा स्पॉयलर (वरून बसवलेली उंच कड), म्हणजे बदकाच्या शेपटीसारखा वर उचललेला. दहा पावलांवरून पाहिलं तर तो पत्र्यातूनच उगवल्यासारखा वाटायचा. जवळ गेलं की स्पॉयलर आणि डिक्की जिथे मिळतात तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी रेघ दिसायची. डाव्या टोकाला ती उघडून त्यात नख जात होतं आणि शेजारी रंगाला हरभऱ्याएवढे तीन फोड आले होते.

काम दहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या ठिकाणी झालेलं होतं. पहिले काही आठवडे सगळं उत्तम. मग मे महिन्यात रेघ आली. त्यांनी ती घासून, लांबी (खाचा बुजवायची पुट्टी) भरून परत रंग मारून दिला. ऑगस्टमध्ये रेघ पुन्हा त्याच जागी. तिसऱ्या वेळी त्याला सांगण्यात आलं की रंग हलका होता, आता भारी कंपनीचा मारू. तिथून तो आमच्याकडे आला. पहिला प्रश्न त्याने विचारला तोही रंगाचाच: "दादा, कुठला कलर मारला तर क्रॅक येणार नाही?"

आमच्याकडे रंगाचं काम बघणारे चाचा चाळीस वर्षं हातात रंगाची गन धरून आहेत. त्यांनी डिक्कीवरून तळहात फिरवला, टोकाला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "रंगाचा काय दोष? खाली दोघांचं पटत न्हाई आणि वर आपण एकच चादर घातलीया."

सगळं प्रकरण त्या वाक्यात आहे. पण ते वाक्य पटवून घ्यायला आणि त्यावर उपाय करायला आम्हाला अडीच महिने लागले. त्यातला एक महिना माझ्या चुकीमुळे गेला, तेही पुढे लिहिलं आहे.

खाली काय निघालं

जुना स्पॉयलर उतरवायला दीड दिवस गेला. तो एबीएस प्लॅस्टिकचा होता, बाजारात तयार मिळतो तसा. पत्र्याला आठ भोकं पाडून स्क्रूने आवळलेला, आणि सांध्यावर पॉलिएस्टर लांबी. काही ठिकाणी लांबीची जाडी ९ मिलिमीटर भरली. प्लॅस्टिकचा गुळगुळीतपणा न घालवताच वर लांबी चढवलेली असल्यामुळे पटाशी घातल्याबरोबर ती भाकरीच्या पापुद्र्यासारखी अख्खी सुटून आली. आठही भोकांच्या कडा उघड्या पत्र्याच्या. प्राइमर (रंगाखालचं अस्तर) नाही, सीलंट नाही. पावसाचं पाणी रेघेतून आत, तिथून भोकात, तिथून डिक्कीच्या आतल्या पोकळीत. फोड त्या गंजाचे होते.

लांबी चुकीची भरली होती, भोकं उघडी होती, हे खरं. पण ती दोन्ही कामं नीट केली असती तरी रेघ आलीच असती. कारण हिशेबात आहे, आणि तो हिशेब मी त्या मुलाला तिथेच कागदावर करून दाखवला.

पोलाद तापलं की लांबतं. दर मीटरला, दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन. एबीएस प्लॅस्टिक तेवढ्याच उष्णतेने ८० मायक्रॉनच्या आसपास लांबतं, म्हणजे सहापटीहून जास्त. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीचा पत्रा साठ अंशांच्या घरात जातो आणि डिसेंबरच्या पहाटे पंधराच्या खाली येतो. फरक ४५ अंशांचा धरू, आणि स्पॉयलर १.२ मीटर लांब. मग पत्रा वाढणार ०.६५ मिलिमीटर आणि प्लॅस्टिक वाढणार ४.३ मिलिमीटर. साडेतीन मिलिमीटरहून जास्त तफावत! मध्यावर धरलं तरी प्रत्येक टोकाला पावणेदोन मिलिमीटरहून अधिक. म्हणूनच रेघ मध्ये बारीक होती आणि टोकाला उघडलेली होती. लांबी आणि रंग मिळून एका कडक थराने ही ओढाताण झेलायची आहे. कुठलाच रंग ती झेलणार नाही, किमतीला कितीही भारी असला तरी.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेकांचं काम तेवढ्यातच भागतं. एबीएसचा स्पॉयलर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या जाड ॲक्रिलिक फोम टेपने लावला आणि सांध्याची बारीक फट तशीच ठेवली, तर तो वर्षानुवर्षं टिकतो. टेप मिलिमीटरभर जाडीची असते, तिचा फोम बाजूला ताणला जातो आणि ती तफावत गिळतो. फट दिसते, पण ती फट म्हणजे त्या दोन वस्तूंना हलायला दिलेली जागा आहे. गिऱ्हाईक विचारायला आलं की मी आधी हेच सुचवतो. या मुलालाही सुचवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला ती फट नको आहे. डिक्की अशीच जन्मली असं वाटलं पाहिजे." अशी इच्छा मला कळते. त्याच इच्छेपोटी मी या धंद्यात आलो.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे अख्खी डिक्कीच स्पॉयलरसकट एका साच्यातून काढायची. पोर्शेने १९७२ च्या पॅरिस प्रदर्शनात कॅरेरा आरएस २.७ ही गाडी आणली, तिच्या मागच्या झाकणाची ती प्रसिद्ध शेपटी फायबरच्या झाकणातच ओतलेली होती. सांधाच नाही, मग फुटणार काय? सिटीसाठी असं झाकण करायचं तर आधी मास्टर (मूळ नमुना), मग साचा, आतली चौकट, बिजागऱ्यांच्या आणि लॉकच्या जागा. एका गाडीसाठी तो खर्च परवडत नाही. उलट उदाहरण १९७० च्या प्लिमथ सुपरबर्ड या अमेरिकी गाडीचं. तिथे कारखान्याने मागच्या काचेभोवती वेगळा पत्रा बसवला होता, आणि ते सांधे रंगाखाली लपवण्याइतके तयार करत बसण्यापेक्षा छतावर व्हायनिलचं आवरण चढवून मोकळे झाले. प्रत्येक सुपरबर्डला व्हायनिल छत आहे ते त्यामुळे. कारखान्याची ही कथा, तर सांध्याचं काम किती वेळखाऊ असेल ते समजावं.

दुसरी वाट पत्र्याची. पत्र्याचाच स्पॉयलर ठोकून डिक्कीला वेल्ड करायचा. पोलादाला पोलाद, दोघांचं तापणं-लांबणं एकसारखं. अमेरिकेत चाळीस-पन्नासच्या दशकांत कस्टम गाड्या करणारे असंच करत आणि सांध्यावर शिशाचा मिश्रधातू वितळवून भरत. तत्त्व म्हणून मला ही वाट सर्वांत पटते. पण आताच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर सव्वा मीटरची वेल्ड ओढली की सपाट भाग पापडासारखा उठतो. तो बसवत बसलं तर लांबी आणखी जास्त लागते. वजनही वाढतं.

तिसरी वाट फायबरग्लासची, आणि आम्ही तीच धरली. हाताने घातलेलं फायबर दर अंशाला साधारण २५ ते ३० मायक्रॉन लांबतं. तोच हिशेब लावला तर ४५ अंशांत दीड मिलिमीटर. पत्र्याशी तफावत एक मिलिमीटरच्या आत, प्रत्येक टोकाला अर्ध्याहून कमी. एवढी ओढ चांगला सांधा झेलू शकतो, पण ती रुंद जागेवर पसरवली तरच. एका रेघेत कोंडली तर हेही फुटणार.

नवीन काम हातात घेण्याआधी मी एक अट घातली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत असा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२ अ मध्ये नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. स्पॉयलरबाबत आपल्या आरटीओचं म्हणणं काय, हे मालकाने आधी जाऊन विचारायचं. या गाडीला २०२५ मध्ये पंधरा वर्षं भरणार होती, नूतनीकरणासाठी तिथे गाडी दाखवावी लागणारच होती. विम्यातही नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून त्याची किंमत जाहीर करायची. आठवडाभराने तो दोन्हीकडे जाऊन आला, मग मी काम हातात घेतलं.

पत्रा आणि फायबर

फायबरचा स्पॉयलर जवळच्याच एका फायबरवाल्याकडून करून घेतला. वजन सव्वादोन किलो. तो आला तेव्हा दोन दिवसांचाच होता. पोरं लगेच लावायला निघाली होती, मी थांबवलं. नवीन पॉलिएस्टर फायबर आठवडे-दोन आठवडे आकसत राहतं. गाडीवर चढून आकसलं तर सांध्याला ओढणार. म्हणून तो पत्र्याच्या शेडवर उन्हात बारा दिवस ठेवला, पालथा-उताणा करत.

साच्यातून निघालेल्या मालावर मेण असतं. ते आधी सॉल्व्हंटने पुसायचं आणि मग घासायचं. उलट केलं तर पॉलिश पेपर ते मेण फायबरमध्ये मुरवतो आणि मग तिथे काहीच धरत नाही. सांध्याच्या पट्ट्यातला जेलकोट (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) पूर्ण काढून आतले धागे दिसेपर्यंत घासला. कड ३ मिलिमीटर जाड होती, तिला ३६ मिलिमीटरचा उतार दिला. जाडीच्या बारापट उतार हा फायबर दुरुस्तीतला जुना हिशेब आहे आणि तो मोडावा असं मला कधी वाटलं नाही.

डिक्कीची जुनी आठ भोकं: सहा बंद केली, मागे तांब्याची पट्टी धरून मिग वेल्डिंगने एकेक ठिपका टाकत, प्रत्येक ठिपक्यानंतर ओल्या फडक्याने थंड करत. दोन ठेवली. स्पॉयलरच्या आतून फायबरमध्ये बसवलेले स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) त्यातून खाली येतात. आतल्या पोकळीतला गंज घासून प्राइमर आणि नंतर मेणाचा फवारा. हे बाहेरून कुणाला दिसत नाही, पण दहा महिन्यांत फोड आले ते याच जागी.

चिकटवायला इपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिन फायबरला चांगलं धरतं, नुसत्या पोलादाला नाही. इपॉक्सी दोघांना धरते. पत्रा उघडा करून ८० नंबरने खरखरीत केला आणि तासाभरातच इपॉक्सी लावली, कारण उघड्या पत्र्यावर आपल्याकडे गंज चढायला रात्रही पुरते. इपॉक्सीत एरोसिल (घट्टपणा आणणारी पूड) घालून ती श्रीखंडाएवढी घट्ट केली. सांध्यात एक मिलिमीटर तारेचे तुकडे टाकले. आवळताना सगळा डिंक बाहेर पिळून गेला तर सांधा कोरडा पडतो, तो थर सगळीकडे सारखा राहावा म्हणून. आणि हे सगळं डिक्की गाडीवर, बंद आणि लॉक केलेल्या अवस्थेत. स्टँडवर काढलेली डिक्की थोडी पिळवटते. तशीच चिकटवली तर गाडीवर बसवताना दोन्ही बाजूंच्या फटी जुळत नाहीत. त्याआधी कोरडा स्पॉयलर टेपने लावून डिक्की पूर्ण उघडून पाहिली होती, पुढची कड मागच्या काचेला लागत नाही ना म्हणून. बोटभर जागा राहिली.

वरचं कापड घालायच्या दिवशी तो मुलगा स्वतः आला होता. घरचे यंत्रमाग, त्यामुळे काचेचं कापड हातात घेतल्यावर त्याने आधी ताणा-बाणा पाहिला. इपॉक्सीबरोबर विणलेलंच कापड घ्यायचं. नेहमीच्या मॅटमधल्या (न विणलेल्या, विस्कटलेल्या) धाग्यांना धरून ठेवणारा डिंक पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मग मॅट ताठच राहते. विणलेलं कापड मात्र पोटगोलाईत (सांध्याच्या आत वळलेल्या गोलाईत) बसताना उचलून यायला बघतं. मी सांगायच्या आत तोच म्हणाला, "उरेब कापा की, दादा." पंचेचाळीस अंशांत, शिंपी कॉलरची पट्टी काढतो तशी. उरेब पट्टी वळणात अशी बसली की एकही बुडबुडा राहिला नाही. असं कापायचं हे मला माहीत होतं. पण माग चालवणाऱ्या घरातल्या पोराच्या तोंडून ते ऐकताना फार बरं वाटलं.

तीन थर घातले: ४० मिलिमीटर रुंद, मग ८०, मग १२०. थर पायरीपायरीने रुंद होत गेले की जाडी हळूहळू उतरते आणि ओढ एका रेघेत न राहता तळहाताएवढ्या पट्ट्यात पसरते. मघाशी म्हटलं ते पसरवणं हेच.

एक गोष्ट फार ठिकाणी राहून जाते. साध्या तापमानाला सुकलेली इपॉक्सी बहुतेक वेळा पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. आपली डिक्की मे महिन्यात तेवढी तापतेच. म्हणजे जेव्हा ओढ सर्वांत जास्त तेव्हाच सांधा नरम. यावर उपाय एकच, रंगाच्या आधीच तिला तापवून घ्यायचं. आम्ही इन्फ्रारेड दिवे लावून टप्प्याटप्प्याने साठ-पासष्ट अंशांपर्यंत नेऊन सहा तास ठेवलं. एकदा अशी तापली की तिची सहन करायची पातळी वर जाते, आणि कापडाची वीण वर उमटायची असेल तर तीही याच वेळी उमटते, रंगाखाली नंतर नाही.

लांबी, आणि माझी घाई

इपॉक्सी सुकल्यावर तिच्या अंगावर कधी कधी मेणासारखा चिकट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुतला, वाळवला, घासला, मगच लांबी. जाडी कुठेही २ मिलिमीटरच्या वर नाही. पण पसरली मात्र खूप लांब, सांध्यापासून पुढे डिक्कीच्या कडेच्या घडीपर्यंत. लांबीचा पट्टा सपाट भागाच्या मध्येच संपवला तर तिथे आणखी एक कड तयार होते. घडीवर संपवली तर नजरेला ती सापडत नाही. हार्डनर वजनाने दोन टक्क्यांच्या आसपास. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर त्यातलं पेरॉक्साइड नंतर रंगातून पिवळट डाग होऊन वर येतं, चंदेरी रंगात तर नक्की.

घासाई पूर्ण कोरडी. आपल्याकडे लांबी पाण्याने घासायची सवय आहे, धूळ उडत नाही म्हणून. पण पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी पिते. वर प्राइमर मारला की पाणी आत कोंडतं आणि उन्हात फोड म्हणून बाहेर येतं. वॉटर पेपर प्राइमरवर चालवावा, लांबीवर नाही. पोरांना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट सक्तीचे. काचेची धूळ अंगाला लागली की रात्रभर झोप नाही.

सांध्याची पोटगोलाई टोकापासून टोकापर्यंत सारखी यायला हवी. नुसत्या बोटाने घासली तर बोटाच्या खाचा पडतात. एक इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घेऊन त्यावर ८०, मग १८०, मग ३२० चा पेपर गुंडाळला आणि तिरक्या हाताने चालवला. मग काळ्या रंगाचा हलका फवारा, त्यावरून लाकडी ठोकळा. काळं जिथे राहतं तिथे खोलगट. चार वेळा हे केलं. शेवटची तपासणी रात्री, शेडमधली एकच ट्यूबलाइट लावून. फडक्याने पृष्ठभाग चमकवला की ट्यूबचं प्रतिबिंब सांध्यावरून जाताना कुठे मोडतं ते दिसतं.

इथवर सगळं बरोबर होतं. त्यानंतर सर्फेसर (लांबीवरचा आणि रंगाखालचा जाड थर) मारून डिक्की किमान दहा दिवस उन्हात ठेवायची असं मी स्वतः ठरवलं होतं. पण मुलाच्या बहिणीचं लग्न मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होतं, आणि गाडी वरातीला पाहिजे होती. त्याचे वडील स्वतः आले. "जमत असेल तरच बघा," एवढंच म्हणाले. मी तीन दिवसांत रंग मारून गाडी दिली.

लग्न झालं. सव्वीस दिवसांनी मुलगा आला तेव्हा बोलला काहीच नाही, नुसती गाडी उन्हात तिरकी लावली. डाव्या बाजूला, सांध्यावर नव्हे तर तिथून वीतभर पुढे, लांबीच्या एका कडेचा अस्पष्ट माग दिसत होता. तडा नव्हता. हात फिरवला तर लागत नव्हता. पण ठरावीक कोनात चंदेरी रंगात तो दिसायचा, आणि एकदा दिसला की नजर तिथेच जायची.

सर्फेसरमधलं थिनर पूर्ण उडायच्या आत मी वर रंग आणि क्लिअर (पारदर्शक वरचा थर) चढवून ते कोंडलं होतं. लांबीच्या कडेवर सर्फेसर जास्त जाड होता, तो नंतर जास्त आकसला आणि खालची कड वर उमटली. डाव्या बाजूलाच का? लांबी घडीपर्यंत न नेता अलीकडेच थांबलेली जागा ती एकटीच होती. माझ्याच हातची.

मी त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि काम पुन्हा केलं, पैसे न घेता. क्लिअर आणि बेस (त्याखालचा चंदेरी रंग) घासून सर्फेसरपर्यंत उतरलो, डावी बाजू घडीपर्यंत परत पसरली, नवा सर्फेसर मारला. या वेळी एप्रिलच्या उन्हात डिक्की सोळा दिवस उघड्यावर ठेवली. रोज संध्याकाळी चाचा येता-जाता हात फिरवायचे. अकराव्या दिवशी त्यांना एक जागा लागली, ती परत ठोकळ्याने बसवली. त्यानंतरचे पाच दिवस काही सापडलं नाही. मग रंग.

चंदेरी रंग

शेड कोड एनएच ७०० एम. पण कोडवरून मिक्स केलेला रंग तेरा वर्षं उन्हात राहिलेल्या गाडीला जसाच्या तसा लागत नाही. पत्र्याच्या तुकड्यावर तीन नमुने मारून, क्लिअर चढवून, गाडीशेजारी धरून दोन्ही कोनांतून पाहिले: समोरून आणि तिरपे. समोरून जुळणारा एक नमुना तिरप्यात काळपट पडत होता. दुसरा घेतला. एवढं करूनही नुसती डिक्की रंगवून भागत नाही. दोन्ही बाजूंच्या क्वार्टर पॅनलवर (मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर) बेस हलका विरत नेला आणि क्लिअर पूर्ण पॅनलभर घेतला, म्हणजे जुना रंग कुठे संपतो ते डोळ्याला पकडता येत नाही.

खरी परीक्षा पोटगोलाईत असते. गनची हवा तिथे आपटून परत फिरते, रंग दुहेरी बसतो आणि ॲल्युमिनियमचे कण ओल्या थरात बुडतात. परिणाम: सांध्याच्या जागी काळसर पट्टा. काम अगदी गुळगुळीत असूनही तो पट्टा बघून लोक म्हणतात, सांधा दिसतोय. चाचांनी हवा कमी केली आणि शेवटचा हात गन लांब धरून, आडवा एकाच दिशेने, जवळजवळ कोरडा टाकला. कण वर राहिले आणि सगळीकडे एका रंगाचे पडले. हे मला अजून त्यांच्यासारखं जमत नाही. टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर मारताना मात्र मी त्यांनाही साध्या फडक्यावर काम करू देत नाही. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडलेले पेंटर आमच्या गल्लीतच आहेत. फिल्टरचा मास्क, आणि एक्झॉस्ट चालू.

बसवताना एक किरकोळ काम निघालं. सव्वादोन किलोचा स्पॉयलर आणि वरचा माल मिळून डिक्की जड झाली, उघडी राहीना, डोक्यावर यायची. बिजागरीचे टॉर्शन बार (डिक्की उचलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या सळ्या) पुढच्या खाचेत घेतले, प्रश्न मिटला. रबरी टेकणही थोडी वर घेतली, म्हणजे डिक्की आपटली तरी स्पॉयलरला धक्का कमी बसतो. मग पाइपने अर्धा तास पाणी मारून आत कागद पसरून पाहिलं. कोरडा.

स्पॉयलरचे ४,५०० आणि आमचे १९,००० असा हिशेब झाला. दुसऱ्या वेळचं काम त्यात धरलेलं नाही. आता असं काम कुणी आणलं तर मी आधीच सांगतो, गाडी दीड महिना सोडावी लागेल, त्यातला निम्मा काळ ती नुसती उन्हात उभी दिसेल, आणि त्या दिवसांत फोन करू नका.

मे २०२४ मध्ये गाडी तपासणीला बोलावली. दुपारी अडीच वाजता डिक्कीवर ५९ अंश भरले. सांधा स्वच्छ. मे २०२५ मध्ये परत, नूतनीकरणाच्या कागदांची धावपळ चालू असताना. या वेळी वडील घेऊन आले होते. उजव्या टोकाला, डिक्की आणि बॉडीमधल्या फटीच्या आत, क्लिअरच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढी एक बारीक चीर सापडली. भिंगाने पाहिली. रंगातच आहे, खाली गेलेली नाही. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहून ठेवली आहे. पावसाळा संपल्यावर गाडी परत येईल तेव्हा खूण आणि चीर यांच्यातलं अंतर मोजायचं ठरलं.